तूट

एकतीस वर्षं मी चहाच्या पानांचं वजन केलं,
काळ्या समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरावर, पत्र्याच्या शेडमध्ये.
पोत्यात हात घालायचा, मूठ दाबायची,
आणि पान किती, दव किती ते बोलायचं:
शंभराला आठ तूट. शंभराला बारा.
माझ्या शब्दावर कुणी वाद घातला नाही.
माझ्या मापात पाप नव्हतं.
हे मी शपथेवर सांगायचो,
कुणी विचारलेलं नसतानाही.

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात
स्वप्न पडू लागलं, एकच.
गुलिझार येते, पाठीवर टोपली.
टोपली रिकामी.
ती काट्यावर ठेवते, काटा चाळीसवर जातो,
मी म्हणतो, दव आहे, तूट बारा.
ती मान डोलावते.
एवढंच.
मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणावं,
तर माझ्या मनात ती कधी टेकलीसुद्धा नव्हती.

आई सांगायची, वाईट स्वप्न माणसाला सांगू नये,
वाहत्या पाण्याला सांगावं.
ओढ्यावर गेलो, बूट भिजवून घेतले,
सगळं सांगितलं.
पाणी घेऊन गेलं.
तिसऱ्या रात्री परत आणून दिलं.

शेजारच्या नाझमिये आत्याकडे सगळ्यांचे भाव ठरलेले:
दात पडला तर मरण, साप दिसला तर वैरी.
रिकामी टोपली म्हणजे,
चहाचा घोट घेऊन, डोळे मिटून,
"लेक सासरी जाणार."
मला लेक नाही, आत्या.
"मग कुणाची तरी."

शेवटी जुनी वजनवही काढली.
मागची पानं कोरी होती, रकाने आखलेले:
एकूण. तूट. निव्वळ.
स्वप्नं त्यातच लिहू लागलो,
हाताला दुसरी सवय नव्हती.
एकूणमध्ये दिसलं ते सगळं.
तुटीत, मी जागेपणी वर चिकटवलेलं:
आत्याचा साप, रात्रीचं लोणचं,
मी भला माणूस असल्याचा पुरावा.
निव्वळ बरेच महिने रिकामं.

फेब्रुवारी. काट्यावरचा हात माझा,
पण बोटात अंगठी वडिलांची.
ती तर त्यांच्या दुखण्यात विकली होती.
मार्च. गुलिझारच्या मागे रांगेत एक पोरगा आहे,
लहानसं पोतं छातीशी धरून.
रोजच असणार. मीच कधी बघितलं नाही.
एप्रिल. त्याच्या मनगटावर भाजल्याचा डाग.
मी दिवा लावला,
बाही वर केली,
आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

वडील कधी वाईट बोलले नाहीत.
म्हणायचे, छान केलंस, पण.
त्या "पण"मध्ये किती जात होतं
ते कुठल्याच वहीत नाही.

तरीही दोन किलो साखर घेऊन गुलिझारकडे गेलो.
ती ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होती.
म्हटलं, तुझं पान कोरडं असतानाही मी कधी कधी,
म्हणजे, नेहमीच बहुतेक,
बारा कापले.
ती हसली, दात नसलेल्या बाजूने.
"इक्रामी, आम्ही सगळ्या तळाशी दोन दगड घालत होतो.
तू कापणार हे ठाऊक होतं की."
साखर ठेवून घेतली.
तिला यातलं काहीच नको होतं.
स्वप्न तिचं नव्हतंच.

परवा पुन्हा पडलं.
टोपली नाही, गुलिझार नाही.
पोरगा पुढे आला, त्याने पोतं काट्यावर ठेवलं.
हात घातला, मूठ दाबली.
पान ओलं होतं, चिंब,
आणि कोवळं.
बोलायला तोंड उघडलं तोच जाग आली.

वहीत लिहिलं: एकूण, एक पोतं.
तूट,
आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.
की मीच मोडलं,
नीटसं आठवत नाही.